अमेरिकेत नवरा-बायकोने घर घेताना टायटल कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं क्लोजिंग (घराचा व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस) तीन आठवड्यांवर आलंय, तुम्ही एच-फोरवर (नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असल्यामुळे लोन एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, टायटल, म्हणजे घराची मालकी, कोणत्या प्रकारे घ्यायची हे विचारणारा टायटल कंपनीचा फॉर्म आलाय आणि एजंट म्हणतो सगळे जॉइंटच घेतात, टिक करून टाका. प्लीज असं नुसतं टिक करू नका.

आधी एक गोष्ट, लोन आणि डीड (मालकीचा दस्त) हे दोन वेगळे कागद आहेत. लोनवर नाव नसलं तरी तुमचं नाव डीडवर येऊ शकतं, फक्त लेंडरला आत्ताच कळवा. आमच्या ओळखीत एका घराच्या डीडवर एकट्या नवऱ्याचं नाव होतं, तो अचानक गेला आणि प्रोबेट (वारसा ठरवायची कोर्टाची प्रक्रिया) संपेपर्यंत बायको हप्ते भरत राहिली पण घर ना विकता येईना ना रीफायनान्स करता येईना. "नंतर नाव घालू" म्हणून सोडून देऊ नका. नंतर घालता येतं, पण परत डीड, परत फी, आणि टायटल इन्शुरन्सला (मालकीवर वाद निघाला तर कामी येणाऱ्या विम्याला) धक्का लागत नाही ना तेही बघावं लागतं.

आता प्रकार. जॉइंट टेनन्सीत एक जण गेला की घर आपोआप दुसऱ्याचं होतं, प्रोबेट लागत नाही, पण विलमध्ये काहीही लिहिलं तरी त्या घरापुरतं ते चालत नाही. म्हणजे नवऱ्याला त्याचा हिस्सा आईवडिलांना जावा असं वाटत असेल तर हा प्रकार नको. टेनन्सी इन कॉमनमध्ये ७०-३० असे हिस्से ठेवता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा विलप्रमाणे जातो. लग्न न झालेल्यांनी पैसे कमीजास्त घातले असतील तर मी हेच सुचवेन, सोबत लेखी करार करून, कारण बिनसलं तर कोर्टात पार्टिशनचा (वाटणीचा) दावा लावून घर विकायची पाळी येते.

फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड अशा काही राज्यांत लग्न झालेल्यांसाठी टेनन्सी बाय द एन्टायरिटी (नवरा-बायको मिळून अख्ख्या घराचे एकच मालक) आहे. एकावर एकट्याचं देणं झालं, समजा बिझनेसमध्ये केस हरला, तर ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला सहसा घराला हात लावता येत नाही (आयआरएसची, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याची गोष्ट वेगळी). तुमच्या राज्यात हे असेल तर मी दुसरं काही बघणार नाही.

कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन धरून ९ राज्यं कम्युनिटी प्रॉपर्टीवाली (लग्नानंतर कमावलेलं सहसा दोघांचं) आहेत. तिथे टॅक्सचा मोठा फरक पडतो. घर ५ लाख डॉलरला घेतलं आणि एक जण गेला तेव्हा किंमत ११ लाख झाली असेल, तर कम्युनिटी प्रॉपर्टीत पूर्ण घराचा बेसिस (विकताना नफा ज्या किमतीपासून मोजतात ती) ११ लाख होतो, साध्या जॉइंट टेनन्सीत फक्त अर्ध्याचा वाढतो, म्हणजे २.५ अधिक ५.५ असा ८ लाखच. कॅलिफोर्नियात तर २००१ पासून कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप (एक जण गेला की घर आपोआप दुसऱ्याचं) मिळतं, प्रोबेटही टळतं आणि बेसिसही पूर्ण.

आपल्या लोकांना हमखास माहीत नसलेला मुद्दा म्हणजे जोडीदार सिटिझन नसेल तर एकमेकांना टॅक्सशिवाय अमर्याद गिफ्ट करायची सूट नाही, २०२५ साठी वर्षाला १,९०,००० डॉलरची मर्यादा होती. शिवाय सर्व्हायव्हरशिपवालं घर असेल तर इस्टेट टॅक्ससाठी (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा टॅक्स) पूर्ण घर जाणाऱ्याचंच धरतात, मागे राहिलेल्याने स्वतः घातलेला पैसा दाखवला तरच तेवढा वजा होतो. म्हणून तुमच्या सेव्हिंग्जमधून डाउन पेमेंटला जे काही गेलं त्याची स्टेटमेंट्स आजच डाउनलोड करून ठेवा, बँका जुनी कायम ठेवत नाहीत.

आणि मुलं लहान असतील तर यातला कुठलाच प्रकार दोघंही एकदम गेले तर पुरत नाही, त्यासाठी लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच केलेला ट्रस्ट) करून घर त्यात घाला.

तुम्ही कोणत्या राज्यात घर घेताय ते लिहिलं नाहीत, ते सांगा. आणि डीडचा ड्राफ्ट क्लोजिंगच्या दोन-तीन दिवस आधी मागवून तुमच्या नावांपुढे नेमकं काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा, फॉर्मवर एक निवडलेलं आणि डीडवर भलतंच असं होतं.