आयलँडिंग: बेट पडणं आणि बेट पाडणं

प्रश्न असा आहे: सौर मायक्रोग्रिडच्या (मुख्य ग्रिडशिवायही चालू शकणाऱ्या छोट्या स्थानिक वीजजाळ्याच्या) मार्गदर्शिकेत 'अनप्लॅन्ड आयलँडिंग डिटेक्शन'ला 'अनियोजित द्वीपकरण शोध' म्हटलं तर चालेल का, की 'विलगीकरण' बरं?

'विलगीकरण' नकोच. उपकेंद्रात आयसोलेटर (लाइन वेगळी करायचा स्विच) उघडतात तो लाइन मृत करायला. आयलँडिंगमध्ये नेमकं उलटं घडतं: मुख्य ग्रिडशी जोड तुटते, पण तुटलेला तुकडा जिवंत राहतो. ब्रेकर (बिघाड होताच लाइन तोडणारा स्विच) पडला म्हणून लाइनमन खांबावर चढतो आणि छतांवरच्या पॅनेलची वीज मागून तारेत आलेली असते. हा फरक पुसणारा शब्द इथे जिवावर बेतेल. 'बेट' मात्र चपखल आहे. बांबूच्या बेटासारखं, सुटं तरी जिवंत.

'द्वीपकरण' हे 'शुद्धीकरणा'च्या चालीवर 'द्वीपीकरण' हवं. पण खरी अडचण वेगळीच आहे. 'करण' म्हटलं की करणारा आला, आणि इथे कोणी काही ठरवून केलेलं नाही. आपोआप घडतं म्हणून आपण 'बाष्पीभवन' म्हणतो. त्याच न्यायाने आपसूक घडलेलं ते 'द्वीपीभवन', योजून केलेलं ते 'द्वीपीकरण'. रोजच्या मराठीत हा भेद आणखी सोपा आहे. फूट पडते आणि फूट पाडतात, तसं बेट पडतं आणि बेट पाडतात. मग 'अनियोजित' लावायची गरजच उरत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा बातम्यांत आलेलं 'आयलँडिंग' हे बेट पाडण्याचं होतं: ग्रिड ढासळताना आधीच योजल्याप्रमाणे शहर तोडून स्थानिक विजेवर चालू ठेवायची व्यवस्था. त्या दिवशी ती तग धरू शकली नाही.

आता 'शोध'. शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात किंवा नव्या गोष्टीचा लावतात. इथे 'ओळखणं' हवं, कारण बेट ग्रिडसारखंच दिसतं. समजा, फीडरवर (उपकेंद्रातून वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनवर) ६० किलोवॅट सौर निर्मिती आहे आणि ब्रेकर उघडला. भार ४० किलोवॅटचा, हीटरसारखा असेल तर २३० व्होल्टचे सुमारे २८२ होतात आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) लगेच ट्रिप होतो, म्हणजे स्वतःला तोडून घेतो. भार ५० असेल तर २५२ व्होल्ट. मर्यादा ११० टक्क्यांची, म्हणजे २५३ची ठेवली असेल तर व्होल्टेजवरून काहीच कळणार नाही. रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचाही (मोटरसारख्या भारात नुसत्याच ये-जा करणाऱ्या विजेचाही) मेळ बसला तर फ्रिक्वेन्सीही जागची हलत नाही. बेट ओळखूच येत नाही अशा या 'नॉन-डिटेक्शन झोन'ला म्हणून मी 'चकव्याचा पट्टा' म्हणेन. इन्व्हर्टरला तिथे खरोखर चकवा लागतो.

बेट ओळखायच्या 'पॅसिव्ह' पद्धतीला 'निष्क्रिय' म्हणू नका. ती रिकामी बसत नाही. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि तिच्या बदलाचा वेग सतत पाहत असते. 'निरीक्षण पद्धत' म्हणा. तिची मर्यादा फार कडक ठेवली तर मोठी मोटर सुरू झाली तरी ती फसते आणि विनाकारण ट्रिप होते. 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे डिवचून पाहणं: इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सीला जरासा ढकलतो, ग्रिड असेल तर ती ढिम्म हलत नाही, बेट असेल तर वाहवत जाते. एकाच फीडरवरचे दोन इन्व्हर्टर उलट दिशांना डिवचत असतील तर मात्र परिणाम एकमेकांत जिरतो.

विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या 'आयईईई १५४७' या मानकात बेट ओळखून वीज देणं थांबवायला २ सेकंद दिले आहेत. बेट ५०.५ हर्ट्झवर आणि ग्रिड ५०वर असेल तर एका सेकंदात दोन्हींच्या लहरी १८० अंशांनी सरकून एकमेकींच्या उलट होतात. नेमका तेव्हा फीडरचा ब्रेकर आपोआप परत लागला, तर संपर्कांमध्ये जवळजवळ दुप्पट व्होल्टेज असतं. धक्का ट्रान्सफॉर्मरला आणि मोटरच्या शाफ्टला बसतो.

साध्या छतावरच्या संचात 'अँटी-आयलँडिंग'ला 'बेटरोधक' पुरे. मायक्रोग्रिडमध्ये तो शब्द अपुरा पडतो, कारण तिथे बेट मोडायचं नसतं, हाती घ्यायचं असतं. मार्गदर्शिकेत असं लिहावं: 'बेट पडल्याचं ओळखताच ग्रिडच्या जोडणीवरचा मायक्रोग्रिडचा ब्रेकर उघडून स्वतःचं बेट पाडा. बॅटरीच्या इन्व्हर्टरकडे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी सोपवा. ग्रिड आल्यावर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि लहरींचा कोन जुळल्याशिवाय ब्रेकर लावू नका.'