माझी उंची ५ फूट ३ इंच आहे म्हणून मुली नकार देतात. समाज बुटक्या आणि उंच लोकांना खरंच वेगळी वागणूक देतो का?

देतो. एका शब्दात उत्तर हवं असेल तर हे घ्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. पण तुम्ही खाली जे लिहिलंय ना, की "उंच माणसांचं बरं असतं, त्यांना कुणी काही बोलत नाही", ते वाचून मला राहवलं नाही. मी बाई आहे, माझी उंची ५ फूट १० इंच. नवरा ५ फूट ४. आता बोला.

शाळेत उंचीप्रमाणे रांग, मी कायम शेवटी. वर्गातही शेवटचा बाक, कारण पुढे बसले तर मागच्यांना फळा दिसत नाही. फळा मलाच दिसत नव्हता हे कुणाच्या ध्यानात यायला सातवी उजाडली, तोवर चष्म्याचा नंबर चांगलाच चढला होता. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये न विचारता नाव घातलं, सर्व्हिस माझी नेटपर्यंत पोचायची नाही पण सर म्हणायचे तू नुसती जाळीपाशी उभी राहा. लंबू, शिडी, विजेचा खांब सगळं ऐकून झालंय. "वर हवा कशी आहे" हा जोक रिक्षावाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी मारलाय आणि मारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. आई तर खांदे पाडून चालायला सांगायची, स्थळं यायचीत म्हणून. ती सवय अजून गेली नाही, त्यात भर म्हणजे आपल्याकडचे ओटे, भांडी घासून झाली की कंबर धरून बसायचं.

आणि स्थळांचं म्हणाल तर मुलगा चार बोटं तरी उंच हवा हा नियम मुलींनी काढलेला नाही, मुलाकडचेही तेवढ्याच जोरात पाळतात. भारतातल्या पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ५ फूट ५. मग माझ्यासाठी सहा फुटी मुलगा आणायचा कुठून? जे दोन-तीन सहा फुटी बघायला आले त्यांना नाजूक मुलगी पाहिजे होती, नाजूक म्हणजे पाच तीन. पोहे खाऊन गेले.

नवऱ्याची माझी ओळख नोकरीतली. त्याने विचारलं, मी हो म्हटलं, उंचीचा विषय निघाला तो आमच्यात नाही, त्याच्या घरी निघाला. त्याची एक आत्या आहे. आत्याबाईंनी साखरपुड्यातच सगळ्यांसमोर ऐकवलं, "नवरीशेजारी तिचा धाकटा भाऊ उभा केलाय असं वाटतंय." हसले सगळे. मीही हसले, नवीन होते ना.

लग्न कराडला, कार्यालयात. आमच्याकडे नवरानवरी पाटावर उभे राहतात. आत्याबाईंनी काय केलं, तर नवऱ्याच्या पाटाच्या जागी देवघरातला चौरंग आणून ठेवला आणि वर शाल टाकली, म्हणजे कुणाला कळू नये. आता चौरंग तो, पूजेचा, एक पाय आधीच हललेला. हा त्यावर उभा राहिला. गुरुजींनी आणि त्यांच्या मदतनीसाने अंतरपाट धरला, तो आपला नेहमीच्या अंदाजाने धरला, आणि मला पलीकडचं सगळं दिसत होतं. हा दिसत होता, मागे उभ्या करवल्या दिसत होत्या, मामांच्या टकलावरचं टोपीचं वळ दिसत होतं. गुरुजी हळूच म्हणाले, ताई जरा मान खाली घ्या. मी घेतली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिल्याच "सावधान"ला चौरंग कलला. हा पडला नाही, पण मुंडावळ्या एका कानावर आल्या. तो सरळ खाली उतरला, शालीसकट चौरंग पायाने बाजूला सारला आणि म्हणाला, "आत्या, हे मला नको. गुरुजी, चालू द्या." बाकीचं लग्न फरशीवर उभं राहून लागलं. मी पण माझ्या पाटावरून उतरले, नाहीतर अजून दीड इंच वाढला असता फरक.

माणूस बघून लग्न केलंय हे मला तेव्हा पक्कं झालं. पण आत्याबाई थांबतात थोड्याच. फोटोग्राफरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि त्यानंतर प्रत्येक फोटोत मला खुर्चीवर बसवलंय आणि हा शेजारी उभा. अख्खा अल्बम. पेशंटला भेटायला पाहुणे आल्यासारखा दिसतो तो अल्बम. शालूचा पन्हा कमी पडून माझे घोटे दिसत होते म्हणून बसवलं असं नंतर सारवासारव केली. घोटे दिसत होते हे खरंय, पण बसल्यावर जास्त दिसतात.

त्याही पुढचं सांगते. नवऱ्याला लहानपणापासून पोलीस व्हायचं होतं. शिपाई भरतीला पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून वर आणखी ५. छाती भरत होती, धावणं तर त्याच्या हातचा मळ. उंची १६३. सकाळी उठल्याउठल्या माणूस सेंटीमीटरभर जास्त भरतो, खरं आहे ते, दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून हा रात्रभर सरळ पडून राहिला, मैदानापर्यंत मित्राच्या गाडीत मागे आडवा होऊन गेला, आणि तरी डोक्यावर पट्टी टेकली तेव्हा कमीच भरला. धावायची वेळच आली नाही. महिलांना १५५ लागतात. मी सहज बसले असते आणि मला गेटपासून बसपर्यंत धावलं तरी धाप लागते. पोलिसाला उंची लागते की दम, ह्याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. तर एकदा सणाला जेवताना माझ्यासमोर आत्याबाई म्हणाल्या, "खात्याने घेतलं नाही ते उगीच नाही." ह्यावर मी जे बोलले त्यानंतर वर्षभर आमच्याकडे त्यांचं येणं बंद होतं. मला अजून वाटतं कमीच बोलले.

बरं, तुमचा प्रश्न. लोक तुम्हाला सचिनचं उदाहरण देतील, पाच पाच, गावसकर पाच पाच, वर "मूर्ती लहान पण कीर्ती महान" असतंच. ते ऐकून घ्या आणि सोडून द्या. पाच तीनच्या माणसाला नुसतं साधं जगायला शंभर शतकं का मारायला लागावीत? उंचीचा पगाराशीही संबंध लागतो. अमेरिकेत दोन प्राध्यापकांनी २००४ मध्ये हिशोब मांडला होता, एका इंचामागे वर्षाला साधारण ७८९ डॉलरचा फरक निघाला. आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही, नवऱ्याला ऑफिसात इतकी वर्षं काढून आणि दहा माणसं हाताखाली असून "छोटू" म्हणतात, सहा फुटी माणसाला कुणी नुसतं नावाने हाक मारायची तरी हिंमत करेल का, साहेबच म्हणणार. तिकडे मिशिगनमध्ये १९७६ च्या कायद्याने उंचीवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, उंची नाही.

मुली नकार देतात त्याबद्दल मात्र मी मुलींना शिव्या घालणार नाही. त्यांना लहानपणापासून हेच ऐकवलंय, आणि हो म्हटलं की पुढे चौरंग आणणाऱ्या आत्याबाई त्यांनाच निस्तरायच्या असतात. तुम्ही एक करा, बायोडाटात पाच तीनच लिहा. पाच पाच लिहिणारे खूप पाहिलेत, भेटीच्या दिवशी टाचेचे बूट घालून येतात आणि घरात बूट काढायला लागतात तिथे सगळं उघडं पडतं. उंची वाढवायच्या पावडरी घेऊ नका, हाडांची टोकं एकदा जुळली की वाढ संपली, लग्नाच्या वयात तर कधीच संपलेली असते. आणि तुम्ही स्वतः किती उंचीची मुलगी चालेल म्हणून लिहिलंय ते एकदा बघा. पाच फुटाच्या आतली लिहिलं असेल तर तुम्ही आणि आत्याबाई एकाच पंगतीतले.

हां, एक राहिलं. हे सगळं माझ्या-तुमच्यासारख्यांचं झालं. ज्यांची उंची मुळातच आजारामुळे किंवा जन्मतः ४ फूट १० इंचापर्यंत अडकते, त्यांचे हाल वेगळे आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांची वेगळी नोंद आहे, त्यांनी माझं हे रडगाणं मनावर घेऊ नये. आणि लहान मुलांची उंची खुंटते ते बरेचदा खाण्यामुळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. त्यांना मोठेपणी आपण बुटके म्हणून चिडवणार.

आत्याबाईंची नात आता पाच आठ झालीय. इंजिनीयर आहे, गुणी पोरगी आहे, लग्न जमत नाही. मध्यंतरी आत्याबाईंचा फोन आला, तुझ्या ओळखीत कुणी उंच मुलगा आहे का गं. म्हटलं उंच नाही, पण चांगला आहे एक, पाच चार. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. नातीला मात्र मी वेगळा मेसेज टाकला, ती म्हणाली भेटायला काय हरकत आहे. तो मुलगा नंतर पुण्यात दुसरीकडे जमवून मोकळा झाला, त्यामुळे जागा रिकामी आहे. तुमचा जिल्हा आणि शिक्षण कमेंटमध्ये लिहा.