दुसरं कनेक्शन घ्यावं की स्वस्तातला राउटर?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. तळमजल्यावर आम्ही आणि सासू-सासरे, पहिल्या मजल्यावर धाकटे दीर-जाऊ, वर दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. तळमजल्यावर ६० एमबीपीएसचं फायबर आहे, बिल ₹५९९ अधिक जीएसटी. वर रेंज पोचत नाही. पुतणी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. जाऊबाई म्हणतात, ₹४९९चं वेगळं कनेक्शन घेऊ. दुकानदार ₹९,०००चा मेश सेट (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले राउटर) सुचवतो. मला ₹१,८००चा राउटर पुरेसा वाटतो. भाडेकरू मुलंही महिन्याला ₹२०० देऊन वायफाय मागतात. काय करावं?

उत्तर : ताई, ‘दोन बिऱ्हाडं, दोन बिलं, कटकट नको’ हा जाऊबाईंचा विचार चुकीचा नाही. फक्त त्या सुटकेची किंमत बघा. ₹४९९वर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याला ₹५८९, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर, आणि तेही दरवर्षी. तुमचा राउटर, पंचवीस-तीस मीटर कॅट-सिक्स वायर (नेटची केबल) आणि ती ओढणाऱ्याची मजुरी धरली तरी तीन हजारांच्या आसपास, तेही एकदाच. पाच-सहा महिन्यांत वसूल. विजेचा हिशेब सोडून द्या. असा राउटर ८-१० वॅट घेतो, महिन्याला सहा-सात युनिटं जातील; पण नव्या कनेक्शनसोबत कंपनी बसवते तो डबाही तेवढीच खाणार.

तरीही लगेच दुकानात जाऊ नका. तुमच्याकडे कमी पडतोय तो स्पीड नव्हे. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ मीटिंगला तीन-चार. दोन टीव्ही, पुतणीची मीटिंग आणि सासऱ्यांच्या मोबाइलवरचं कीर्तन एकाच वेळी चालू असलं तरी तिशी गाठणार नाही. अडचण आहे ती गावभागातल्या जाडजूड भिंतींची. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत आली की दम तोडतो, २.४चा जरा लांब जातो, पण वेग कमी. म्हणून आधी कंपनीच्या माणसाला बोलावून मूळ डबाच पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी हलवता येतो का आणि शिफ्टिंगचे किती घेणार ते विचारा. काही शेकड्यांत काम झालं तर खाली-वर दोन्हीकडे रेंज मिळून राउटरची गरजच उरणार नाही, असंही होऊ शकतं. आणि २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या गावभागाला मी वेगळं काय सांगू? तो डबा तळमजल्यावर नसलेलाच बरा.

एवढं करूनही एखादा कोपरा कोरडा राहिला, तर राउटर घ्या. अगदी हजाराच्या आतले बहुतेक एकाच पट्ट्यावर चालतात आणि त्यांची वायरची पोर्टं १०० एमबीपीएसचीच असतात. आज ६०च्या प्लॅनला ते चालेल, पण उद्या २००चा प्लॅन घेतलात तर वरचे पैसे पाण्यात. ₹१,८००त ड्युअल बँड (दोन्ही पट्टे) आणि गिगाबिट पोर्ट (१,००० एमबीपीएसची) मिळतायत का, ते खोक्यावर वाचा. अँटेना मोजत बसू नका. रिपीटर, म्हणजे आलेली रेंज पुढे फेकणारा डबा, नको. वायर नसलेला साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर घेतो त्यावरच पुढे देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. मेश वाईट नाही, पण असल्या भिंतींत त्यालाही वायर द्यावी लागेल, आणि वायर ओढलीच तर ₹९,००० कशाला? बसवणाऱ्याकडून राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर, म्हणजे मूळ डब्याचंच नेट वायरनं घेऊन वायफाय पसरवण्यापुरता, लावून घ्या, मूळचा ॲडमिन पासवर्ड बदलून घ्या, मगच मजुरी द्या.

भाडेकरूंच्या ₹२००ना मात्र सरळ नाही म्हणा. दोघांचे मिळून वर्षाला ₹४,८०० होतात, मोह होणारच. पण घरगुती कनेक्शन दुसऱ्याला विकायला कंपन्यांच्या अटींत सहसा मनाई असते. शिवाय कनेक्शन तुमच्या नावावर. वरच्या खोलीतून कुणी काही भलतं केलं तर पोलीस आधी तुमचंच दार वाजवणार. वायफाय रीतसर विकण्यासाठी २०२०पासून केंद्र सरकारची पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आहे, पण ती चहाच्या टपरीला, किराणा दुकानाला शोभते. दोन भाडेकरूंसाठी तो द्राविडी प्राणायाम होईल.

राहिली पुतणी. नेट गेलं की तिचा पगार कापला जातो का, हे तिलाच विचारा. कापला जात असेल तर जाऊबाईंच्या म्हणण्यात दम आहे, पण मग दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं, आणि जमलं तर वेगळ्या खांबावरून आलेलं हवं. एकाच खांबावरून आलेल्या दोन वायरी एकाच फांदीनं तुटतात. कापला जात नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तासाभराची मीटिंग निभावते. वीज जाते तेव्हासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या. पण मूळ डबा आणि राउटर दोन्ही चालू राहायला हवेत, नाहीतर उपयोग नाही.

डबा हलवून महिनाभर पाहिल्याशिवाय सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं बिल एकदम भरू नका, सूट कितीही दाखवली तरी. आणि सध्याच्या, जीएसटी धरून ₹७०७च्या बिलातला निम्मा वाटा जाऊबाईंकडून पहिल्या महिन्यापासूनच घ्या. ‘राहू दे गं, नंतर बघू’ म्हणालात, की तो विषय पुन्हा काढणं अवघड.