वाचकांचे प्रश्न : हॉटेलातलं समाधान आणि शून्य-एकचे रकाने

प्रश्न : एमबीएच्या प्रकल्पासाठी कॉलेज रोड, पंचवटी, सिडको आणि नाशिकरोड इथल्या हॉटेलांत २०० फॉर्म भरून घेतले. समाधान १ ते १० गुणांत विचारलं, जेवण यायला किती मिनिटं लागली तेही विचारलं. भागांना १, २, ३, ४ असे आकडे देऊन एक्सेलमध्ये रिग्रेशन (कशामुळे समाधान किती बदलतं याचं समीकरण) केलं, तर ‘भाग’चा सहगुणक (समीकरणात त्याला गुणणारा आकडा) ०.२१ आला. त्याचा अर्थ काय लिहू? नंतर चार भागांचे चार डमी रकाने (फॉर्म त्या भागातला असेल तर १, नाही तर ०) केले, तर एका रकान्यापुढे नुसतं शून्य आलं. — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ०.२१ ला काही अर्थ नाही, तो अहवालातून काढून टाका. १ ते ४ हे तुमच्या लेखी नावांचे क्रमांक आहेत, पण एक्सेल त्यांना माप समजतं. पंचवटी आणि कॉलेज रोड यांत जेवढा फरक, तेवढाच नाशिकरोड आणि सिडको यांत, असं त्यानं परस्पर धरून टाकलं. भागांचा क्रम बदलून पुन्हा चालवा, वेगळाच आकडा येईल.

डमी करायचं ठरवलंत ते बरोबर. फक्त गट चार असतील तर रकाने तीनच हवेत. प्रत्येक फॉर्म कुठल्या तरी एका भागातला असतोच, त्यामुळे चारही रकान्यांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते. इंटरसेप्टसाठी, म्हणजे समीकरणातल्या सुट्या आकड्यासाठी, एक्सेल आतल्या आत १ चाच रकाना धरतं. तीच माहिती दोनदा आली की कुठल्या रकान्याचं श्रेय किती, हे ठरवताच येत नाही, आणि एक्सेल त्यातला एक शून्य करून टाकतं. यालाच डमी ट्रॅप म्हणतात. कुठला भाग गाळायचा ते एक्सेलवर सोपवू नका. ज्याचे फॉर्म भरपूर आहेत आणि ज्याच्याशी तुलना वाचणाऱ्याला सहज कळेल, तो गाळून आधार गट ठेवा. पाच-दहा फॉर्मचा भाग आधार धरला तर सगळ्याच तुलना डळमळीत होतात.

कॉलेज रोड आधार धरून असं समीकरण आलं समजा (आकडे केवळ उदाहरणाचे) : समाधान = ६.८ − ०.०४ × मिनिटं + ०.५ × पंचवटी + ०.१ × सिडको − ०.३ × नाशिकरोड. १५ मिनिटं थांबलेल्या गिऱ्हाइकाचा अंदाज कॉलेज रोडवर ६.२, पंचवटीत ६.७, नाशिकरोडला ५.९. म्हणजे ०.५ हे पंचवटीचे गुण नव्हेत, तेवढाच वेळ थांबलेल्या कॉलेज रोडच्या गिऱ्हाइकाशी असलेला फरक आहे. पंचवटी आणि नाशिकरोड यांतला फरक ०.८, तो ठोस आहे की योगायोगाचा, हे मात्र या तक्त्यात दिसत नाही. नाशिकरोड आधार धरून पुन्हा चालवा, पंचवटीपुढची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) तेच सांगेल. आर-स्क्वेअर (समाधानातल्या चढउताराचा किती हिस्सा समीकरणानं उलगडला, तो आकडा) आणि अंदाज तेच राहतील.

‘भागानं फरक पडतो का?’ हा प्रश्न तीन पी-व्हॅल्यू वेगवेगळ्या पाहून सुटत नाही. तिन्ही डमी काढून एकदा आणि घालून एकदा चालवा. रेसिड्युअल सम ऑफ स्क्वेअर्स (खरे गुण आणि अंदाज यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) जेवढा घटला त्याला ३ नं भागा, त्याला पूर्ण समीकरणाच्या रेसिड्युअल मीन स्क्वेअरनं (तीच बेरीज भागिले १९५) भागा. २०० फॉर्म आणि पाच सहगुणक (सुटा ६.८ धरून), म्हणजे ३ (डमींची संख्या) आणि १९५ (२०० वजा ५) डिग्री ऑफ फ्रीडम, वरचे दोन भाजक तेच. भागाकार साधारण २.६५ च्या वर गेला, तर ५ टक्के पातळीवर (परिणाम नसताना तो आहे असं ठरण्याची शक्यता ५ टक्के धरून) भागाचा परिणाम मानता येईल.

डमी ‘इफ’ फॉर्म्युल्यानं करत असाल तर एक चूक गुपचूप होते. कुणी ‘नाशिक रोड’ तोडून लिहिलं आणि फॉर्म्युल्यात ‘नाशिकरोड’ असलं, तर त्या ओळीत तिन्ही शून्य येतात आणि तो फॉर्म कॉलेज रोडच्या खात्यात जमा होतो. कोरी राहिलेली जागाही तशीच. आधी पिव्होट टेबल (एकेक नाव किती वेळा आलंय ते दाखवणारा एक्सेलचा तक्ता) करून भागांची नावं नेमकी चारच आहेत ना, ते बघा. स्वतंत्र चलांचे (इथे मिनिटं आणि डमी) रकाने शेजारी-शेजारी हवेत, आणि एक्सेलचं रिग्रेशन १६ पेक्षा जास्त चल घेत नाही.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : प्रत्येक भागात एकच हॉटेल घेतलं असेल, तर ‘पंचवटी’ हा डमी पंचवटीचा नसून त्या एका हॉटेलाचा आहे. कितीही फॉर्म भरले तरी हे सुटत नाही. भागाबद्दल बोलायचं तर दर भागात बरीच हॉटेलं हवीत, आणि एका हॉटेलातली मतं एकमेकांसारखी असतात म्हणून स्टँडर्ड एरर (सहगुणक किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप) हॉटेलनिहाय क्लस्टर करायला, म्हणजे एका हॉटेलाचे फॉर्म एक गठ्ठा धरून काढायला हवेत.

प्रश्न : गंगापूर रोडला माझं मिसळीचं हॉटेल आहे. भाच्यानं रिग्रेशन करून दिलं, त्यात ‘रविवार’चा सहगुणक उणे ०.६ आलाय. रविवारी आमची मिसळ बिघडते का? — एक हॉटेलमालक

उत्तर : मिसळीला दोष देण्याआधी समीकरणात थांबण्याचा वेळ आहे का ते विचारा. नसेल, तर रविवारच्या गर्दीचा सगळा राग ‘रविवार’ या डमीवर निघतोय. मिनिटं तर घालाच, शिवाय ‘मिनिटं × रविवार’ असा गुणाकाराचाही रकाना घाला. उदाहरणादाखल : समाधान = ८ − ०.०२ × मिनिटं − ०.१ × रविवार − ०.०३ × मिनिटं × रविवार. इथे इतर दिवशी दर मिनिटाला ०.०२ गुण जातात, रविवारी ०.०५. दहा मिनिटं वाचवलीत तर इतर दिवशी ०.२ मिळतील आणि रविवारी ०.५. जादा माणूस कुठल्या दिवशी लावायचा ते यावरून ठरवता येतं.

गुणाकार घातल्यावर ‘रविवार’च्या उणे ०.१ चा अर्थ बदलतो. तो आता शून्य मिनिटं थांबलेल्या गिऱ्हाइकापुरता फरक आहे, आणि असं गिऱ्हाईक रविवारी सकाळी सापडायचं नाही. म्हणून सगळ्या मिनिटांतून आधी २० वजा करा आणि मग गुणाकार करा. ‘रविवार’चा सहगुणक उणे ०.७ दिसेल, म्हणजे २० मिनिटं थांबलेल्यांतला फरक.

वेळ गिऱ्हाइकाला विचारू नका, टोकनवर लिहा. चिडलेल्या माणसाला दहा मिनिटं वीस वाटतात, आणि मग समाधानच मिनिटं ठरवू लागतं. सहकुटुंब आलेले आणि एकटे, यांचाही एक डमी ठेवा, कारण रविवारचं गिऱ्हाईकच वेगळं असतं. रांग बघून परत गेलेले तुमच्या फॉर्मांत नाहीत, त्यामुळे रविवारचं खरं नुकसान याहून मोठं असू शकतं.

प्रश्न : १ ते ५ गुणांत बहुतेकांनी ४ किंवा ५ दिलेत आणि आर-स्क्वेअर ०.२८ आहे. प्रकल्प वाया गेला का? — एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : नाही. एकेका माणसाच्या मतात जेवणापलीकडचंही बरंच असतं, तिथे ०.२८ वाईट नाही. आकडा फुगवायला डमी वाढवू नका, वाढवलेत तर अॅडजस्टेड आर-स्क्वेअर (वाढवलेल्या रकान्यांबद्दल कपात करून काढलेला) बघा. खरी अडचण ४-५ च्या गर्दीची आहे : सरळ रेषेचा अंदाज ५ च्या वरही जाऊ शकतो. ‘५ दिले की नाही’ असा शून्य-एकचा परावलंबी चल (ज्याचा अंदाज करायचा तो) करून लॉजिस्टिक रिग्रेशन (ते ५ मिळण्याच्या शक्यतेचा अंदाज देतं) चालवा, किंवा ऑर्डर्ड लॉजिट (ते १ ते ५ या चढत्या पायऱ्या तशाच ठेवतं). डमींचे नियम तिथेही हेच, फक्त सहगुणक गुणांत न वाचता लॉग-ऑड्समध्ये (घडण्याची आणि न घडण्याची शक्यता यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदममध्ये) वाचावे लागतात.