शाळिग्रामाला पाणी घालायचं की नाही?

चि. हिस अनेक आशीर्वाद.

नेपाळमध्ये, मुक्तिनाथाच्या वाटेवर आणि काठमांडूत करायच्या तुझ्या भाषणाचा मसुदा काल रात्री वाचला आणि सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. भूविज्ञान पक्कं आहे, त्यात मला कुठेच हात घालावा लागला नाही. पण पहिलं वाक्य खोड.

‘शाळिग्राम हा देव नसून जीवाश्म आहे’ हे वाक्य मी स्वतः, जवळजवळ याच शब्दांत, जोमसोमच्या एका लॉजच्या जेवणघरात म्हटलेलं आहे. समोर आपल्याकडचे तीसेक यात्रेकरू बसले होते, दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथाला जाणारे. अमोनाइट हा लोप पावलेला समुद्रजीव म्हणजे काय ते मी सांगितलं, हिमालयाच्या जागी पूर्वी असलेला टेथिस समुद्र सांगितला, टाळ्या पडल्या. मग सोलापूरकडच्या एक आजी उठल्या. काली गंडकीच्या पात्रात त्याच दिवशी मिळालेला शाळिग्राम त्यांनी रुमालात बांधून जवळ ठेवला होता. त्यांनी विचारलं, “बाई, मग आता याला रोज पाणी घालायचं का नाही?”

त्यांना वाद घालायचा नव्हता. घरी गेल्यावर काय करायचं, एवढंच विचारत होत्या. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि खाली बसले. तो दगड कुठून आला हे सांगायला मला बोलावलं होतं. घरात त्याचं काय करायचं हे सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता, तो मी त्या पहिल्या वाक्यात परस्पर घेतला होता. आजींनी तो बरोबर पकडला.

तेव्हापासून मी दगड हातात देऊन सुरुवात करते. एक फुटलेला, आतली वेटोळी दिसणारा, आणि एक अख्खा. तो रांगेतून फिरू दे. बोटांना कंगोरे लागले की लोक आपणहून बोलू लागतात. कुणीतरी वज्रकीटाची गोष्ट सांगेलच, की दगड पोखरून आत चक्र कोरणारा किडा असतो. ती गोष्ट पूर्ण ऐकून घे, मधे तोडू नकोस. ज्याने ती प्रथम सांगितली त्याला एवढं नक्की दिसलं होतं की ही वेटोळी पाण्याच्या झिजेने झालेली नाहीत, यात कुठला तरी जीव आहे. तिथून तू पुढे जा. तो जीव किडा नव्हता, शिंपल्यात राहणारा, माकुळाचा दूरचा नातेवाईक होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तो टेथिस समुद्रात पोहत होता. मेल्यावर तळाच्या काळ्या चिखलात रुतला. पुढे भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियाला भिडला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि समुद्राचा तळ चुरगळत वर आला. धौलागिरी ८,१६७ मीटर, अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, आणि त्या दोघांमधून वाहणारी काली गंडकी तो काळा खडक फोडून हा दगड खाली आणते. हिमालय अजूनही वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दाबला जातोय. हे सगळं त्यांच्या तळहातावर ठेवलेलं असतं. ‘देव नाही’ हे शब्द कुठेच लागत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुझ्या मसुद्याच्या शेवटच्या पानावर ती चूक आहे. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं’ असं तू लिहिलंयस. बहुधा सुरुवातीच्या वाक्याची भरपाई म्हणून. हे वाक्य सर्वांत जास्त टाळ्या घेईल आणि ते खोटं आहे. कुणीतरी बारकाईने पाहिलं, हे खरं. टेथिस, भूखंडांचं सरकणं, पंधरा कोटी वर्षं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जे त्यांनी पाहिलं त्याचा मान त्यांना दे आणि जे पाहिलं नाही ते त्यांच्या नावावर जमा करू नकोस. लोकांना खूष करायला एकदा सत्य वाकवलं की पुढच्या प्रश्नाला ते परत सरळ करता येत नाही.

मुक्तिनाथाच्या आदल्या संध्याकाळी मात्र शाळिग्रामाच्याही आधी दुसरी गोष्ट बोलायची, आणि ती विसरलीस तर मी खरंच रागावेन. ती म्हणजे उंची. पोखरा सुमारे ८०० मीटर, जोमसोम २,७००, मुक्तिनाथ ३,७०० च्या पुढे. सकाळच्या विमानाने जोमसोम आणि लगेच जीपने वर, असं केलं तर शरीराला एका दिवसात जवळजवळ तीन किलोमीटर चढवलं जातं. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. त्यात आपली माणसं उपाशीपोटी जातात, मुक्तिनाथाच्या देवळामागच्या एकशेआठ धारांखाली त्या बर्फगार पाण्यात धावतात आणि डोकं दुखलं तरी सांगत नाहीत. एका खेपेला आमच्यातले एक काका ‘देवाच्या दारात तक्रार कशाला’ म्हणून दिवसभर गप्प राहिले. रात्री उठले तर झोकांड्या खाऊ लागले. त्याच रात्री जीप काढून त्यांना जोमसोमला उतरवलं आणि ते सुखरूप राहिले. म्हणून साध्या शब्दांत सांग: वर जायच्या आधी जोमसोम किंवा कागबेनीला मुक्काम करा. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, तर ते उंचीमुळेच आहे असं धरा आणि आणखी चढू नका. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर पहाटेची वाट न पाहता खाली उतरवा. औषधाचं ज्याने त्याने निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं.

मुक्तिनाथाजवळच्या ज्वालामाईच्या देवळात भाषण करू नकोस. पाण्याशेजारी, खडकाच्या फटीत जळणारी ती लहानशी निळी ज्योत जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर जळते, हे खाली राणीपौवा गावातल्या लॉजमध्ये सांग. देवळात त्या ज्योतीची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात. आपण तिचं दर्शन घेतो, त्याही घेतात. तिथे आत आपण पाहुण्या.

काठमांडूचं काम याहून अवघड आहे. तिथे समोर यात्रेकरू नसतील, तिथलीच माणसं असतील, आणि २०१५ चा भूकंप त्यांच्या घरात घडलेला आहे.

तिथल्या स्वयंभू स्तूपाची कथा त्यांना तुझ्यापेक्षा चांगली येते. खोऱ्यात मोठं तळं होतं, त्यात कमळावर ज्योत होती, बोधिसत्त्व मंजुश्रीने चोभारची टेकडी तलवारीने कापली आणि पाणी वाहून गेलं. तू त्यांना काळी माटीबद्दल विचार. शहरातल्या भाजीबाजाराचं कालीमाटी हे नाव ज्या मातीवरून आलं, ती काळी चिकणमाती म्हणजे त्या तळ्याचाच गाळ. तळं खरंच होतं. गाळ काही ठिकाणी ५०० मीटरहून जाड आहे. एका घावात ते रिकामं झालं नाही, त्याला हजारो वर्षं लागली, हेही सांग. पण मुख्य म्हणजे, हे शहर अजूनही त्या तळ्याच्या तळावर बसलेलं आहे.

इथे भक्तपूरचं जुजु धौ उपयोगी पडतं. मातीच्या भांड्यात लावलेलं ते घट्ट दही टेबलावर ठेव आणि भांड्याला एक हलकासा धक्का दे. भांडं थांबतं, दही हलत राहतं. मग दोन दगड दोऱ्यांना बांध, एक आखूड, एक लांब, दोन्ही एकाच काठीला. काठी सावकाश हलवलीस तर लांब दोरीचा दगड झुलू लागतो, आखूड जवळजवळ तसाच राहतो. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेच्या भूकंपात खोऱ्याचा गाळ चार-पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी डोलला. असे हेलकावे उंच बांधकामांना जास्त बाधतात. धरहरा हा उंच मनोरा पडला, आणि शहरातली असंख्य ठेंगणी घरं भीती होती त्या मानाने वाचली. गोरखा आणि सिंधुपाल्चोक जिल्ह्यांतली दगडमातीची घरं मात्र वाचली नाहीत. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तो शनिवार होता, शाळांना सुट्टी होती. हे वाक्य बोलल्यावर थोडं थांब.

मग कुणीतरी विचारेल, पशुपतिनाथाचं मुख्य मंदिर कसं वाचलं? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी आला आहे. घाईने उत्तर देऊ नकोस. जुनी माणसं नब्बे सालच्या भूकंपाची आठवण काढतील, म्हणजे विक्रम संवत १९९०, आपला १५ जानेवारी १९३४. त्याच धक्क्याने बिहार उद्ध्वस्त झाला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात रवींद्रनाथ त्यांच्याच बाजूचे होते, तरी त्यांनी जाहीरपणे लिहिलं की निसर्गाच्या घटनेला असं पापपुण्याशी जोडणं चूक आहे. गांधीजींनी ते आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापलं आणि आपलं उत्तरही दिलं. मला या प्रसंगात रवींद्रनाथ बरोबर वाटतात, ठामपणे. ज्याचं घर पडलं त्याच्यावर पाप येतं, हा त्या विचाराचा अर्थ होतो. ‘देवाने मंदिर वाचवलं’ याचाही अर्थ, उलट्या बाजूने, तोच होतो. कारण त्या शनिवारी काठमांडूतल्या काष्ठमंडप या जुन्या लाकडी वास्तूत रक्तदानाचं शिबिर चालू होतं, तो मंडप कोसळला आणि आतली माणसं दगावली. हे तू प्रत्युत्तर म्हणून तोंडावर फेकायचं नाहीस. समोर त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ बसलेला असू शकतो.

काष्ठमंडपाचं पुढे काय झालं ते सांग. ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं, तो लोक बाराव्या शतकातला समजत होते. पडल्यावर पुरातत्त्वज्ञांनी पाया खणला आणि तो सातव्या शतकापर्यंत मागे गेला. विटांची आखणी मंडलासारखी, नऊ चौकटींची. आणि तो पाया भूकंपातही शाबूत होता! दोष वर होता. मधल्या चार मोठ्या खांबांपैकी एक आपल्या बैठकीच्या दगडात बसलेलाच नव्हता, जुन्या दुरुस्तीत तो वरच्या फरशीवरच टेकवला गेला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. तेराशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने काम चोख केलं होतं आणि पुढे कुणीतरी फरशीखाली पाहिलं नव्हतं.

हे सांगून झालं की त्यांना त्यांच्या गल्लीतल्या पाटीबद्दल विचार. तिकडे पाटी म्हणजे वाटसरूंनी टेकायची ओसरी, आपली पाटी नव्हे. तिचे खांब कोण बघतं? गुठीतली, म्हणजे देवळं-पाट्या सांभाळणाऱ्या पारंपरिक मंडळातली, म्हातारी माणसं बहुधा पुढे सरसावतील, आणि मग तू खाली बसून ऐकायचंस. मी अशाच एका संध्याकाळी शिकले की लाकडाचा बुंधा कुजलाय का हे सुतार हातोडीच्या आवाजावरून ओळखतो.

जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, दुपारी त्या घळीत वारा सुटतो, तेव्हा हातात एक दिवस जास्तीचा ठेव. दही भक्तपूरहूनच घे. आणि परत आल्यावर किती लोक आले, किती टाळ्या पडल्या ते लिहू नकोस. त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव, विशेषतः ज्यांची उत्तरं तुला आली नाहीत ते. मी माझे वहीत ठेवले आहेत. आजींचा पहिल्या पानावर आहे.

तुझ्या
बाई