एजंटाचे टक्के कशावर आणि कोणाकडून, हे आधी विचारा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे, मांद्रे, मोरजी भागात गेस्ट हाऊस वाढली, त्यांना अंगणातल्या खुर्च्या, टेबलं आणि दिवे चीनमधून आणून पुरवायचे आहेत. तिथून माल खरेदी करून देणारे तीन एजंट हाताशी आहेत. एक ३ टक्के मागतो, दुसरा ८, आणि तिसरा म्हणतो तुमच्याकडून एक पैसा नको, मला फॅक्टरी देते. तुमचा कल पहिल्याकडे दिसतो. म्हणूनच लगेच लिहायला बसलो. २०१८ साली म्हापशात बसून मी हाच हिशेब केला होता आणि ३ टक्केवालाच धरला होता.

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, बँक, जीएसटी हे सगळं तुमचं झालेलं असणार असं धरून चालतो. मी सीए नाही, कस्टम्समधून माल सोडवून देणारा क्लिअरिंगवालाही नाही. सांगतोय ते स्वतःचे पैसे गेल्यावर कळलेलं आहे, तेवढ्याच मापाने घ्या.

माझी ऑर्डर १८ हजार डॉलरची होती. प्लॅस्टिक वेताच्या विणीच्या खुर्च्या, आत ॲल्युमिनियमची फ्रेम. ३ टक्के म्हणजे ५४० डॉलर, तेव्हाचे ३६-३७ हजार रुपये. तेवढ्यात त्या माणसाने फोशानजवळच्या लेकोंगच्या फर्निचर बाजारात दुकानं पालथी घालायची, भाव पाडायचा, सॅम्पल पाठवायचं, दोन महिने फॅक्टरीच्या मागे लागायचं, माल तपासायचा आणि कंटेनर भरताना उभं राहायचं. हे त्याला परवडतं कसं, एवढा एकच प्रश्न मी विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. मी मात्र स्वस्तात एजंट मिळाला म्हणून खूश होतो.

सॅम्पल आलं ते उत्तम. एका हाताने उचलावी अशी खुर्ची, वजन चार किलोच्या आसपास. ३० टक्के आगाऊ दिले. माल तयार झाल्यावर तपासणीचे फोटो आले, विणीचे, गाद्यांचे, खोक्यांचे. फोटो काढणारा एजंटच. सोबत पॅकिंग लिस्ट होती आणि तिच्यात वजन होतं. भागाकार केला असता तर खुर्चीमागे साडेसात किलो निघाले असते. मी खोक्यांची संख्या जुळवली आणि उरलेले ७० टक्के पाठवून दिले. आयुष्यात केलेल्या सगळ्या व्यापारी चुकांत मला सर्वांत महाग पडलेली चूक ती.

कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरला, माल ट्रकने म्हापशाला आला, सीझन नीट गेला. पुढच्या आषाढात मोरजीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की खुर्च्यांच्या पायांतून तांबडं पाणी टाइल्सवर उतरतंय. वीण कापून पाहिली तर आत लोखंडी पाइप, वरून रंग. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो एक पावसाळाही टिकला नाही. ९६ खुर्च्या परत घेऊन बदलून दिल्या. एजंट म्हणाला, फॅक्टरीने फसवलं. कुठली फॅक्टरी? बिल त्याच्याच कंपनीचं, पैसे त्याच्याच हाँगकाँगच्या खात्यात गेलेले. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या किमतीतला फरक कोणी खाल्ला हे मला आजही सिद्ध करता येणार नाही, कारण माझ्याकडच्या एकाही कागदावर फॅक्टरीचं नाव नव्हतं.

तेव्हा दाद मागायला एका सरकारी मार्गदर्शन कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या नमुन्यात हवा होता, तिसऱ्यांदा निर्यात कशी करावी याचं माहितीपत्रक हातात ठेवलं. पैसे गेल्याचं दुःख कमी झालंय, त्या तीन खेपांचा राग अजून आहे. लहान व्यापाऱ्याला अशा वेळी विचारायला कोणी नसतं, हे बरोबर नाही.

आता टक्क्यांचं. साधारणपणे ५ ते १० टक्के हा चालू दर समजा. ऑर्डर मोठी असेल तर ३ पर्यंत उतरतात, लहान असेल तर टक्के सोडून किमान रक्कम ठरवतात. काही जण कामाची ठोक फी घेतात, काही महिन्याचा पगार. यातलं काहीही चालेल. टक्के कशावर ते मात्र कागदावर आणा. फॅक्टरीच्या दारातल्या किमतीवर, माल जहाजावर चढवेपर्यंतच्या म्हणजे एफओबी किमतीवर, की भाडं-विमा धरून सीआयएफवर? २०२१ मध्ये जहाजभाडं कित्येक पटींनी चढलं तेव्हा सीआयएफवर कमिशन ठरवलेल्यांकडून एजंटांनी काम तेवढंच करून जास्त पैसे घेतले.

दुसरी जागा विनिमय दराची. फॅक्टरी भाव युआनमध्ये सांगते, एजंट तुम्हाला डॉलरमध्ये. बाजारात डॉलरला ६.६ युआन असताना त्याने ६.४ धरला की तिथेच आणखी ३ टक्के सुटतात आणि बिलात काही दिसत नाही. म्हणून फॅक्टरीचं मूळ युआनचं कोटेशन मागा. प्रामाणिक एजंट ते देतो.

तिसरा, फुकटवाला. तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही, असे काही जण वर्षानुवर्षं नीट काम करतात. पण ज्याला फॅक्टरी पैसे देते तो फॅक्टरीचा माणूस आहे, एवढं धरून चला. भाव तो कुणासाठी पाडेल? खराब माल कुणाच्या तोंडावर नाकारेल?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या सीमाशुल्काच्या २००७ च्या मूल्यांकन नियमांत, नियम १० मध्ये, ड्यूटी काढताना कमिशन मालाच्या किमतीत मिळवायचं म्हटलंय, पण खरेदी कमिशन त्यातून वगळलंय. म्हणजे एजंट खरोखर तुमच्या वतीने खरेदी करत असेल, त्याचा करार आणि बिल वेगळं असेल, तर त्या फीवर ड्यूटी लागू नये. माझ्या एजंटाने सगळं एकाच बिलात मिसळलं होतं, मी त्याच्या कमिशनवरही ड्यूटी भरली. कागद कसे लावायचे ते तुमच्या क्लिअरिंग एजंटाला माल निघायच्या आधी विचारा. फी वेगळी पाठवताना बँक करार मागेल आणि सीएचे कागदही लागतील, तो त्रास सोसा.

कोणी ‘बिल कमी दाखवतो, ड्यूटी वाचेल’ म्हणाला तर त्याला तिथेच सोडा. माल जप्त होऊ शकतो, वर दंड, आणि मालाचं नुकसान झालं तर विमा त्या कमी बिलापुरताच.

दिव्यांचं वेगळं सांगतो. एलईडी दिव्यांना बीआयएसची म्हणजे भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि ती त्या-त्या फॅक्टरीच्या नावावर असते. एजंट सीईचं प्रमाणपत्र दाखवेल, ते युरोपासाठी असतं, न्हावा शेव्याला त्याचा उपयोग नाही. पहिल्या कंटेनरात दिवे घालूच नका असं माझं मत. एका वस्तूसाठी सगळा कंटेनर अडकतो आणि रोजचं भाडं चढत राहतं.

तिघांतून निवडायचं तर मी ८ टक्केवाल्याशी बोलेन आणि ६ वर आणायचा प्रयत्न करेन. मालाचे पैसे थेट फॅक्टरीच्या कंपनी खात्यात, फी वेगळ्या बिलावर, आणि फॅक्टरीकडून काहीही घेणार नाही असं लेखी. तपासणी तिसऱ्या कंपनीकडून, पैसे तुम्ही थेट भरायचे. माणसाच्या एका दिवसाचे २०० ते ३०० डॉलर पडतात, आणि ती ७० टक्के देण्याआधी झाली पाहिजे. तपासनिसाला दोन कामं लिहून द्या. कोणतीही दहा खोकी फोडून खुर्च्यांचं वजन करायचं, आणि फ्रेमला लोहचुंबक लावायचं. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही.

उद्या तिघांनाही एकच निरोप पाठवा: मालाचे पैसे फॅक्टरीला थेट देणार, तुमची फी वेगळी देणार, चालेल का? कोण काय म्हणालं ते इथे लिहा, मग कराराचा मसुदा मी बघून देतो.