कॅम्परमधला १२ व्होल्टचा फ्रिज पहाटे बंद-चालू होतो, कंप्रेसर बदलू का?

थोडक्यात तुमचा प्रश्न: टेम्पो ट्रॅव्हलरमधला ५० लिटरचा फ्रिज (बीडी ३५ कंप्रेसर, शिडाच्या बोटींत असतो तोच) पहाटे बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो, कंट्रोल युनिटचा दिवा दर वेळी एकदाच लुकलुकतो आणि नाशिकच्या मेकॅनिकने कंप्रेसर बदलायला सांगितलाय.

बदलू नका. एकदा लुकलुकणं म्हणजे युनिटपाशी व्होल्टेज कमी पडतंय. मोटर सुरू होत नसती तर दिवा तीनदा लुकलुकला असता. हे युनिट साधारण १०.४ व्होल्टला कंप्रेसर थांबवतं आणि ११.७ झाले की परत चालू करतं. बॅटरी पार उतरली असती तर बहुधा चार्जिंग मिळेपर्यंत फ्रिज उठला नसता. तुमचा उठतो, बहुधा कंप्रेसर थांबताच वायरीतला ड्रॉप (वायरीत वाया जाणारं व्होल्टेज) जातो आणि व्होल्टेज वर येतं म्हणून. म्हणून संशय आधी वायरीवर.

कंप्रेसर चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग युनिटच्या प्लस-मायनसवर मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला तर वायर बदला. १.५ चौरस मिमीची वायर ५ मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट खाते. लायटर सॉकेट आणि सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची पकड) यांची भर वेगळी. ५ मीटरला ६ चौरस मिमीची तांब्याची वायर थेट बॅटरीपासून टाका, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, लग नीट क्रिंप केलेले. त्या वायरीवर दिवे-पंखे जोडू नका.

मग उष्णता. एप्रिलमध्ये नाशिकला ४० अंशांच्या आसपास तापतं, उन्हात उभी गाडी त्याहून जास्त. कंडेन्सरला (फ्रिजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) खालून हवा आत, वरून बाहेर अशी वाट हवी. नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. जाळीतली धूळ ब्रशने काढा. पेटीला बाहेरून ५० मिमी पफ (उष्णता अडवणारा फोम) लावा. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमुळे आपल्याकडे पॅनेलचे तुकडे मिळायला अडचण नसावी. सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करा, नाहीतर ओल शिरून पफ निकामी होतो. फ्रिजच्या भिंतीत स्क्रू मात्र मारू नका, आत नळ्या असू शकतात. कंडेन्सरची जाळी, पंखा आणि हवेची वाट मोकळी ठेवा. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर बदला.

‘गॅस कमी आहे, टॉप-अप करू’ हे ऐकू नका. या यंत्रात गॅस काही ग्रॅमांत मोजून भरतात. जास्त झाला तर परतीच्या नळीवर बर्फ धरतो आणि करंट वाढतो. भरायचाच तर पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, प्लेटवरच्या आकड्याइतका वजनकाट्यावर. बर्फ सुरीने खरवडला तर पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या इव्हॅपोरेटरला (आतल्या थंड होणाऱ्या पत्र्याला) भोक पडतं, तेव्हा फ्रिज बंद करून वितळू द्या.

बॅटरी शेवटी. ५ अँपिअर निम्मा वेळ म्हणजे दिवसाला ६० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिडमधून निम्मेच काढावेत, म्हणजे तेवढ्याने भागत नाही. लिथियम घेतलीत तर व्होल्टेज १३ च्या आसपास टिकतं आणि फ्रिज बंद पडणं थांबेल, पण बारीक वायरीतला ड्रॉप तसाच राहील.